गोटा फोडू नका, भिजवा: मेझन क्रीकचे किडे

मेझन क्रीकचा, म्हणजे आत किड्याचा किंवा पानाचा जीवाश्म असू शकेल असा अमेरिकेतला दगडी गोटा हातात आला की पहिला मोह होतो हातोडी घालण्याचा. तो आवरला नाही तर आत किडा असलाच तरी त्याचे चार तुकडे होतात, आणि तेही भलत्याच पातळीत. हे असं का होतं, हे समजायचं तर गोटा मुळात कसा तयार झाला ते पाहावं लागतं. तो कसा उघडायचा, उघडल्यावर काय दिसणार, काय कधीच दिसणार नाही आणि डोळा कुठे फसणार, या सगळ्याची उत्तरं त्यातच आहेत.

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात, शिकागोच्या नैऋत्येला सुमारे शंभर किलोमीटरवर, मेझन नावाची छोटी नदी वाहते. तिच्या काठच्या राखाडी शेलमध्ये, म्हणजे गाळाच्या पापुद्र्यांच्या खडकात, लोहयुक्त गोटे सापडतात. हा शेल फ्रान्सिस क्रीक शेल म्हणून ओळखला जातो. कार्बनडेल नावाच्या शैलसमूहाचा तो एक भाग. वय सुमारे ३१ कोटी वर्षं, म्हणजे कार्बॉनिफेरस कल्पाचा उत्तरार्ध. त्याच्या थेट खाली कोलचेस्टर क्रमांक २ हा कोळशाचा थर आहे. गोटे शेलमध्ये सगळीकडे नसतात. शेल जिथे चांगला जाड आहे तिथे, आणि तिथेही कोळशाच्या लगतच्या खालच्या काही मीटरमध्ये ते दाटीने मिळतात.

कोळसा म्हणजे दलदलीतलं जंगल. समुद्र चढला, जंगल बुडालं, आणि ईशान्येकडून येणाऱ्या नदीने आपला गाळ त्यावर ओतायला सुरुवात केली. भरती-ओहोटीगणिक गाळाचा एकेक पातळ पापुद्रा साचत गेला. या गाळात पडलेलं पान, किडा किंवा कोळंबी फार वेळ उघडी राहिली नाही, लगेच पुरली गेली. मग सुरू झालं सडणं. जिवाणूंनी भोवतालचा ऑक्सिजन संपवला. खाऱ्या समुद्रात यानंतर जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि लोखंड पायराइट या गंधकयुक्त खनिजात अडकतं. इथलं पाणी मचूळ, त्यात सल्फेट कमी. त्यामुळे थोडासा पायराइट झाला आणि उरलेल्या लोखंडाची सडण्यातून निघालेल्या कार्बोनेटशी गाठ पडून सिडेराइट, म्हणजे लोहकार्बोनेट, तयार झालं. ते कलेवराभोवती गाळाच्या कणांमध्ये सिमेंटसारखं बसलं. कलेवर हेच गोट्याचं बी.

हे सगळं गाळ दाबला जाण्याआधी घडलं, याचा पुरावा गोट्यातच असतो. आडवा कापलेला गोटा पाहिला तर आतले पापुद्रे मध्यभागी जाड आणि कडेला पातळ होत गेलेले दिसतात. बाहेरचा शेल मात्र गोट्याला वळसा घालून चपटा झालेला असतो. म्हणून शेलमधलं पान कागदासारखं सपाट असतं आणि गोट्यातल्या किड्याला थोडा उठाव उरलेला असतो.

यापुढचा मुद्दा महत्त्वाचा. सिमेंट बसलं तरी आतला जीव सडतच राहिला. उरली एक पोकळ फट: वर एक ठसा, खाली त्याचा प्रतिठसा. मागाहून त्या फटीत कुठे केओलिनाइट ही पांढरी चिकणमाती भरली, कुठे कॅल्साइट हे चुन्याचं खनिज, कुठे पायराइट, तर कुठे काहीच नाही. म्हणजे गोट्यातली सगळ्यात कमकुवत पातळी जीवाश्माचीच असते. पाणी आत शिरलं तर तिथूनच शिरणार आणि गोटा उघडला तर तिथूनच उघडणार. हातोडीला ही पातळी कळत नाही. ती जिथे बसते तिथून तडा जातो.

आता गोळा करण्याबद्दल थोडं. नदीकाठचे मूळ उघडे भाग बहुतेक खाजगी मालकीचे आहेत, परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकू नये. आजवरचा बराचसा माल आला तो उघड्या कोळसा खाणींमधून. कोळसा काढण्यासाठी वरचा शेल उपसून बाजूला टाकला गेला. ढिगाऱ्यातला शेल पाऊस आणि थंडी खाऊन चिखल झाला, टणक गोटे तेवढे मागे राहिले. यातली सर्वांत गाजलेली खाण म्हणजे पिट ११. तिचा मोठा भाग आता ब्रेडवूड अणुवीज केंद्राच्या शीतकरण तलावाखाली आहे. मेझोनिया-ब्रेडवूड या सरकारी क्षेत्रात परवाना काढून गोटे वेचता येतात. हंगाम १ मार्च ते ३० सप्टेंबर असा असतो, पण नियम बदलतात, म्हणून जाण्याआधी ताजे नियम वाचावेत. लवकर गेलेलं बरं. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाढलेलं नसतं आणि हिवाळ्याने नवे गोटे वर आणलेले असतात. मे उलटला की ढिगारे हिरवे होतात, मग गोटे कमी आणि गोचिड्या जास्त हाती लागतात.

काय उचलायचं? ताजा गोटा राखाडी असतो, हवा लागलेला तांबूस-तपकिरी. दोन बाजूंनी सारखा, लांबट किंवा अंडाकृती, कडेला किंचित निमुळता असा गोटा चांगला. आकार बऱ्याचदा आतल्या ऐवजाच्या वळणावर जातो: लांब पानाचा गोटा लांब, गोल जिवाचा गोल. वेडेवाकडे, खडबडीत, वाळूसारखे लागणारे गोटे बहुधा रिकामे निघतात. रिकामे तसेही पुष्कळ निघतात, त्याची तयारी ठेवावी. कडेने केसासारखी बारीक रेघ दिसत असेल तर तो गोटा आधीच उघडायला लागला आहे. त्याला वेगळ्या पिशवीत ठेवा. आपोआप उघडून पडलेली अर्धी खाप दिसली तर दुसरी अर्धी शोधल्याशिवाय तिथून हलू नका. ती सहसा हातभर अंतरातच असते.

घरी आणल्यावर चिखल धुऊन गोटे किमान आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा. ही पायरी गाळणारे लोक पुढे ‘फ्रीझरने काही होत नाही’ अशी तक्रार करतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. सगळं काम त्या फुगण्याचं आहे, आणि पाणी फटीत पोचलेलंच नसेल तर फुगणार काय? भिजल्यावर गोटे प्लास्टिकच्या डब्यात ठेवून त्यावर बोटभर पाणी येऊ द्या. वर तीन-चार बोटं जागा रिकामी सोडा, झाकण घट्ट लावू नका, काच किंवा पत्र्याचं भांडं वापरू नका. काच तडकते, पत्रा शिवणीवर उकलतो. मग एक दिवस फ्रीझरमध्ये आणि एक दिवस बाहेर. बर्फ पूर्ण वितळला पाहिजे, गोट्याच्या गाभ्यापर्यंत. वरचं पाणी सुटलं म्हणून डबा घाईने परत आत ठेवला तर नवं पाणी फटीत जातच नाही आणि ती फेरी वाया जाते. थंड प्रदेशात राहणारे लोक बादल्या सरळ अंगणात ठेवतात आणि हिवाळ्याला काम करू देतात. फक्त तिथे किती फेऱ्या झाल्या याचा हिशेब राहत नाही.

किती फेऱ्या लागतील हे कोणी सांगू शकत नाही. ढिगाऱ्यावर वर्षानुवर्षं पडून मऊ झालेला गोटा पाच-दहा फेऱ्यांत उघडतो. नुकताच शेलमधून सुटलेला, आतून राखाडी गोटा पन्नास फेऱ्यांनंतरही ढिम्म राहतो. काहींची साल कांद्यासारखी निघते. ते बिघडणं नव्हे, बाहेरचा हवा लागलेला थर सुटतोय, चालू द्या. मात्र अशा सालींचा आणि कपच्यांचा डब्याच्या तळाशी काला होतो, आणि कुठली कपची कुणाची हे नंतर ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. म्हणून छोटे किंवा आशादायक गोटे एकेक करून वेगळ्या जाड पिशवीत, पाण्यासकट गोठवावेत. किड्याच्या पंखाचं टोक नेमकं अशा नखाएवढ्या कपचीवर असतं.

प्रत्येक फेरीनंतर गोटा कडेने फिरवून पाहा. रेघ पूर्ण वळसा घालून आली असेल तरच हातोडी घ्या, आणि तीही दोनशे-अडीचशे ग्रॅमची. गोटा कडेवर उभा धरा, रेघेवर हलकी टिचकी मारा, थोडा फिरवा, पुन्हा टिचकी. डोळ्यांवर चष्मा हवाच, सिडेराइटची कपची काचेसारखी उडते. चार-सहा टिचक्यांत सुटला नाही तर परत डब्यात. इथे हट्ट केला की रेघ सोडून तडा जातो.

उघडल्यावर सावलीत, सावकाश वाळू द्या. मऊ टूथब्रशने नुसत्या पाण्याखाली साफ करा. पांढरा थर दिसला की लोक लगेच टोकदार सुई काढतात, तिथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. कॅल्साइट असेल तर साध्या पांढऱ्या व्हिनेगरच्या थेंबाला बुडबुडे येतात, आणि तासाभराच्या व्हिनेगरने तो निघू शकतो. त्यानंतर दुप्पट वेळ स्वच्छ पाण्यात ठेवायला विसरू नका. पण आधी कडेच्या कोपऱ्यावर करून पाहा, कारण सिडेराइटही कार्बोनेटच आहे, सावकाश का होईना आम्ल त्यालाही खातं. बुडबुडे आले नाहीत आणि थर खडूसारखा मऊ असेल तर ते केओलिनाइट. ते शक्यतो काढूच नका. पाय, स्पृशा, पोटाचे वळे यांचा आकार बऱ्याचदा त्या पांढऱ्यानेच धरून ठेवलेला असतो. तो कोरून काढला की खाली कोरा खळगा उरतो. वार्निश तर नकोच. चमक येते, पण बारीक शिरा बुजतात आणि फोटोत नुसता उजेड दिसतो. तुकडा जोडायचाच असेल तर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेला पॅरालॉइड बी-७२ हा अ‍ॅक्रिलिक डिंक वापरा. तो पुढे कोणालाही परत सोडवता येतो.

आता खुद्द किड्यांकडे. गोट्यांमध्ये सर्वाधिक सापडतात ती पानं: नेचे, बीजधारी नेचे, कॅलॅमाइटची चक्राकार पानं. किडे त्या मानाने फारच थोडे, आणि त्यातही बहुतेकदा फक्त पंख. पंख कायटिन या टणक द्रव्याचा, कोरडा, चिवट. तो तरंगतो, उशिरा सडतो. मऊ पोट आधीच गेलेलं असतं. म्हणून पंख सापडला की ‘उरलेला किडा कुठे गेला’ असं विचारण्यात अर्थ नाही.

खरा गोंधळ इथेच होतो: झुरळाचा पंख आणि न्यूरॉप्टेरिस या बीजधारी नेच्याचं पर्णदल. दोन्ही दोन-तीन सेंटिमीटरचे, जिभेच्या आकाराचे, दाट शिरांचे. दहापट भिंगाखाली पाहा. पर्णदलात मधली शीर बुडाशी ठळक असते, टोकाकडे विरून जाते, आणि बाकीच्या शिरा तिच्यातून दोन्ही बाजूंना सारख्याच कमानीने, पुन्हा पुन्हा दुभागत कडेला जातात. डावी-उजवी बाजू साधारण आरशातली असते. पंखाला अशी सममिती नसते. त्याची पुढची कड जाड, मागची पातळ. शिरा एका अरुंद बुडातून निघतात आणि मधून नव्हे तर पुढच्या कडेजवळून वाहतात. झुरळासारख्यांच्या पुढच्या पंखात बुडाजवळ मागच्या कडेला एक कमानदार खाच असते, आणि तिने कापलेला संत्र्याच्या फोडीसारखा तुकडा वेगळा दिसतो. ती खाच दिसली की शंका संपली. एक आणखी फसगत: मॅक्रोन्यूरॉप्टेरिस श्वायख्झेरी या तशाच नेच्याच्या पानावर बारीक केस असतात, आणि ते शिरांना तिरके छेदत पडलेले असतात. घाईत पाहिलं तर ते किड्याच्या पंखातल्या आडव्या शिरांसारखेच वाटतात. पण केस एका शिरेपासून दुसरीपर्यंत नेमके पोचत नाहीत, वाटेल तिथे सुरू होतात आणि वाटेल तिथे संपतात.

पंखच आहे असं ठरलं की पुढचा प्रश्न कोणाचा. पुराणकाळातल्या किड्यांचे पंख घडी घातलेल्या कागदी पंख्यासारखे नागमोडी असतात, एक शीर उंच तर पुढची खोल. पुढच्या कडेपाठोपाठची उपकड शीर खोल, तिच्यामागची त्रिज्यशीर उंच. मध्यशिरेची पुढची फांदी उंच, मागची खोल, आणि वर सांगितलेली ती कमानदार खाचही खोल. हा क्रम एवढा स्थिर आहे की ओळख पटवताना सगळी भिस्त त्याच्यावर असते. पण गोट्याच्या दोन खापांपैकी एका खापेत तो बरोबर उलटा दिसतो! प्रतिठशात उंच शीर खोल होते. त्यामुळे आधी ठरवायचं की आपल्यासमोर पंखाचा वरचा पृष्ठभाग आहे की त्याचा साचा. त्यासाठी दिवा अगदी तिरका, जवळजवळ दगडाला टेकवून लावा. फोटो काढताना उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातूनच येऊ द्या, तसा संकेतच आहे. उजेड दुसरीकडून आला तर पाहणाऱ्याचा मेंदू खळग्याला उंचवटा समजतो. दोन्ही खापा जपण्याचं कारण हेच, नुसती हौस नव्हे.

झुरळासारख्यांना ‘झुरळ’ म्हणताना जरा जपून. पंख झुरळाचा, पाठीची ढाल झुरळाची, पण माद्यांना मागे लांब अंडनलिका असायची. आजच्या झुरळासारखी अंड्यांची डबी त्यांची नव्हती. पॅलिओडिक्टिऑप्टेरा हा गट तर आता उरलाच नाही, कार्बॉनिफेरसनंतरचा पर्मियन काळ संपताना तो संपला. त्यांना सोंडेसारखी चोच होती, पंख पाठीवर घडी करून ठेवता येत नसत, आणि पहिल्या वक्षखंडावर छोट्या पंखांसारखी एक जास्तीची जोडी असायची. गेरारस नावाच्या किड्याच्या वक्षावर काटे असतात, पूर्ण नमुना मिळाला तर तो चटकन ओळखू येतो. इथल्या किड्यांची पहिली शास्त्रीय वर्णनं १८६४ सालची. जेम्स ड्वाइट डाना यांनी तेव्हा मियामिया ब्रॉन्सोनी आणि हेमेरिस्टिया ऑक्सिडेंटालिस ही नावं दिली.

डोळा कसा फसतो याचं चांगलं उदाहरण अ‍ॅडिफ्लेबिया लॅकोआना. स्कडर यांनी १८८५ मध्ये नाव दिलेला हा मेझन क्रीकचा किडा २००९ मध्ये जगातला सर्वांत जुना भुंगेरा म्हणून पुढे आला, कारण पंखात भुंगेऱ्यांच्या पंखकवचासारखी चौकटींची जाळी दिसत होती. २०१२ मध्ये मूळ नमुना पुन्हा तपासला गेला आणि ती जाळी पंखाची नव्हे, पंखाला चिकटून राहिलेल्या मातीच्या कणांची आहे असं मांडलं गेलं. तज्ज्ञांच्या बाबतीत हे होतं, तर घरी टूथब्रश घेऊन बसलेल्याने किती सावध राहावं!

आणि हो, कार्बॉनिफेरस म्हटलं की कावळ्याएवढे चतुर डोळ्यांसमोर आणणाऱ्यांची इथे निराशा होते. साठ-सत्तर सेंटिमीटर पंखविस्ताराचा मेगॅन्युरा फ्रान्समधल्या कॉमॉन्त्रीचा, ब्रोन्यार यांनी १८८५ मध्ये नाव दिलेला. मेझन क्रीकचे बहुतेक गोटे तळहातात मावतात. एवढा मोठा किडा त्यात मावणार कसा? मोठ्यांचे आले तर तुकडे येतात. म्हणून फक्त गोटे पाहून तेव्हाचे किडे छोटे होते असं म्हणणं चूक, आणि मेगॅन्युरा पाहून सगळेच अवाढव्य होते असं म्हणणंही तितकंच चूक. हवेत वाढलेल्या ऑक्सिजनमुळे काही किडे मोठे झाले हा मुद्दा खरा धरला तरी बहुसंख्य किडे दोन-चार सेंटिमीटरचेच होते.

किड्यांसोबत काय निघतं हे गोटा कुठला यावर ठरतं. इथे दोन जीवसमूह मानले जातात. ब्रेडवूड समूहात जमिनीवरचे आणि गोड्या पाण्यातले जीव: किडे, काटेरी वाणी युफोबेरिया, गोम, विंचू, कोळ्यांचे कितीतरी नामशेष भाऊबंद, छोटा हॉर्सशू क्रॅब युप्रूप्स, क्वचित अ‍ॅम्फिबेमससारखा बोटभर उभयचर. आर्थ्रोप्लुरा या अजस्र वाणीचेही अवशेष इथे मिळाले आहेत, पण तुकड्यांत. एसेक्स समूह खाडीच्या तोंडचा: कोळंबी, बहुशूक कृमी, शिंपले, अंड्यातला बलक अजून पोटाशी असलेली सीलाकँथची पिल्लं, आणि ढिगाने एसेक्सेला. या एसेक्सेलाला वर्षानुवर्षं जेलीफिश मानलं. २०२३ मध्ये रॉय प्लॉट्निक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की नमुना उलटा धरला तर तो समुद्रफूल, म्हणजे सी अ‍ॅनिमोन ठरतो. टली मॉन्स्टर हा विचित्र, मऊ अंगाचा प्राणीही याच समूहातला. यूजीन रिचर्डसन यांनी १९६६ मध्ये त्याचं वर्णन केलं, १९८९ मध्ये तो इलिनॉयचा राज्य-जीवाश्म झाला. तो पृष्ठवंशी असल्याचं २०१६ मध्ये मांडलं गेलं, २०१७ आणि २०२३ मध्ये त्याला जोरदार विरोध झाला. माझा कल विरोधकांकडे आहे, पण तो विषय वेगळ्या लेखाचा.

म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘मेझन क्रीक’ लिहिणं अपुरं. पिट ११ की दुसरी खाण, कोणता ढिगारा, तारीख, एवढं हवंच. एसेक्सच्या ढिगाऱ्यात सापडलेला किडा वाऱ्याने किंवा नदीने खाडीत आणलेला असतो, आणि ते ठिकाणावरूनच कळतं. क्रमांक दोन्ही खापांवर सारखाच टाका, पुढे अ आणि ब जोडा. शाई दगडावर थेट नको, आधी पॅरालॉइडचा छोटा ठिपका लावा आणि त्यावर लिहा.

साठवताना शत्रू एकच, ओल. फटीतला पायराइट दमट हवेत कुजतो. कडेला पिवळट-पांढरी भुकटी आणि गंधकाचा आंबट वास येऊ लागला की समजावं. असा नमुना लगेच बाकीच्यांपासून दूर करा, कोरड्या ब्रशने भुकटी झाडा, पाण्याने धुऊ नका, आणि सिलिका जेलसोबत घट्ट डबीत ठेवा. कुजून गेलेला भाग परत येत नाही, फक्त पुढचं नुकसान थांबतं.

न उघडलेले गोटे उरतातच. ते फेकू नका आणि चिडून हातोडीकडेही वळू नका. पूर्ण वाळवा, महिनाभर तसेच ठेवा, मग पुन्हा आठवडाभर भिजवून नव्याने फेऱ्या सुरू करा.